हिरवा ठिपका

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून त्यांना एक सवय जडली होती: दुसऱ्याने ठीक म्हटलेली गोष्ट स्वतः तपासल्याशिवाय ते ठीक मानत नसत. हॉटेलात खुर्ची आधी हलवून बघायचे, मग बसायचे. ताईने एकदा विचारलं, "लग्नाआधी माझीही तपासणी केली होती का?" त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "चौकशी केली होती."

रिटायर झाल्यावर एका बंद पडलेल्या क्लबच्या सामानातून त्यांनी एक जुनं मशीन उचलून आणलं. अर्धं कॉम्प्युटर, अर्धं खेळायचं. कीबोर्डच्या पेटीतच सगळं मशीन, वर गेमची कार्ट्रिज खुपसायला फट, बाजूला दोन जॉयस्टिक आणि पडदा म्हणून घरचा टीव्ही. त्यावर प्रोग्रॅम लिहिता यायचे आणि विमानंही पाडता यायची. दाजींनी कीबोर्डचं एकेक बटण काढून दात घासायच्या ब्रशने धुतलं. नव्या टीव्हीला जोडता यावं म्हणून मागे सॉकेट बसवलं. मग मेमरी वाढवायला जास्तीच्या चिप लावल्या आणि जुन्या मशीनवाल्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये अभिमानाने फोटो टाकला. फोटो बाहेरून काढलेला, झाकण बंद.

तिसऱ्या दिवशी एका अनोळखी बाईचा मेसेज आला. "मेमरी वाढवली असेल तर कृपया मशीन चालू करू नका. आत उजव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका आहे का, ते कळवा."

दाजींनी झाकण उघडलं. मसुराएवढा हिरवा ठिपका होता.

त्यांच्या मनात पाल चुकचुकली. झाकणाच्या आतलं हिला कसं कळलं? त्यांनी तसं विचारलं. उत्तर आलं, "समोर आल्यावर सांगते. फोनवर कुणाला पटत नाही."

"यात काहीतरी पाणी मुरतंय," दाजी म्हणाले.

"चोर कधी आधी कळवून येतो का?" ताई म्हणाली.

"हुशार असेल तर येतो."

त्यांनी ग्रुपमध्ये चौकशी केली. एकाने सांगितलं, माझ्या मित्राकडेही ही बाई येऊन गेली, मशीन उघडलं, आणि जाताना आतला एक भाग पिशवीत घालून घेऊन गेली. झालं. दाजींनी प्रत्येक चिपवरचा नंबर वहीत उतरवून घेतला. रविवारी अकराला बाई येणार होती. मला सकाळीच फोन आला, "तू ये. काही करू नकोस. फक्त दाराजवळ बस."

आली ती साठीची, किरकोळ अंगाची, चष्मा दोरीला अडकवलेला. ताईने चहा विचारला तर म्हणाली, "आधी मशीन बघू दे." पिशवीतून तिने स्वतःची सोल्डरिंगची कांडी काढली.

"आमच्याकडे आहे," दाजी म्हणाले.

"मला माझीच लागते, भाऊ."

झाकण उघडल्यावर ती ठिपक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ही माझी नेलपॉलिश आहे. तेव्हा हिरवी कुणीच लावायचं नाही, म्हणून तीच घेतली, ओळखू यावी."

विशीत ती ही मशीनं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. बोर्डावर भाग जोडायचे, दिवसभर तेच. त्यातला एक कपॅसिटर, करंगळीच्या पेराएवढा डबा, ठरलेल्या दिशेनेच बसवावा लागतो. पण एका खेपेच्या बोर्डांवर अधिकची खूण चुकून उलट बाजूला छापली गेली होती. हे तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं. सुपरवायझर म्हणाला, छापलंय तसं लाव, डोकं चालवायला वरची माणसं आहेत.

"मग मी लावत गेले. आणि जे लावलं त्यावर ठिपका देत गेले. कुणी कधी विचारलं तर सापडावीत म्हणून."

"विचारलं का कुणी?" ताई म्हणाली.

"नाही. एकशे बारा होती. आजवर नऊ सापडली."

दाजी बधले नाहीत. "मग हे इतकी वर्षं चाललं कसं?"

"कमी वापरलं गेलं म्हणून. तुम्ही मेमरी वाढवलीत, आता ते जास्त करंट ओढणार. तो डबा तापणार, फुटणार. शेजारी काही पेटायजोगं असलं तर..."

दाजींनी भिंग घेतलं, मीटर घेतला आणि बोर्डावरची एकेक रेघ स्वतः तपासली. वीस मिनिटं लागली. बाई मांडीवर हात ठेवून बसून राहिली, एकदाही घाई केली नाही. शेवटी दाजींनी भिंग खाली ठेवलं.

"उलटाच आहे."

तिने तो काढला. खालचा भाग तपकिरी होऊन फुगला होता. नवा सुलटा बसवताना तिचा हात जराही हलला नाही. दाजींची नजरही त्या हातावरून हलली नाही. काढलेला डबा तिने एका डबीत टाकला. आत आधीचे तसेच नऊ होते. मशीन चालू केलं तेव्हा निळ्या पडद्यावर पांढरा चौकोन लुकलुकायला लागला. मग तिने चहा घेतला.

ती गेल्यावर दाजींनी वही काढून सगळ्या चिप ताडून पाहिल्या. एकूण एक जागेवर होत्या.

"झालं समाधान?" ताईने विचारलं.

"बोर्डाचं झालं," दाजी म्हणाले. "तेव्हा ही खरंच नुसते ठिपके देऊन गप्प बसली असेल का, ते कळत नाही."

पण पुढच्या आठवड्यात ग्रुपमधल्या एका माणसाकडे तसंच मशीन असल्याचं कळल्यावर त्यांनीच तिला फोन केला. दोघं मिळून त्याच्या घरी गेले. तो साखळी लावलेल्या दाराच्या फटीतून बोलला. "तुमचा यात फायदा काय?" त्याने विचारलं. "मशीन विकायचं नाहीये," असं म्हणून त्याने दार लावून घेतलं. बाईने कागदावर कपॅसिटरचं चित्र काढलं, बाण दाखवला आणि कागद दाराखालून आत सरकवला.

त्या माणसाने मशीन उघडून बघितलं की नाही, ते अजून कळलेलं नाही. त्याने दाजींचा नंबर ब्लॉक केलाय.