पोट आपटायची शिकवणी

पलूसच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत मला पोहायला शिकवलं ते तात्यांनी, माझ्या थोरल्या चुलत्यांनी. पाठीला डबा बांधून आत ढकललं आणि महिन्याभरात काठावरून सूर मारायला लावलं. हात पुढं, डोकं खाली, सरळ तळाकडं. पाण्यावर पोट आपटलं की सगळी भावंडं फिदीफिदी हसायची आणि तात्या पुन्हा वर चढायला लावायचे.

ही विद्या चाळिशीच्या तोंडावर माझ्याच जिवावर उठेल, असं कुणाला वाटलं असतं! मी कुपवाडच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासते, आणि रजा मिळाली की कर्नाटकच्या किनाऱ्यावर सर्फिंगला पळते. चार वर्षं वाळूच्या तळावर फुटणाऱ्या लाटांवर काढली. फळीवर उभी राहते, वळतेही थोडीफार. यंदा मी खडकावर फुटणाऱ्या लाटेचा हट्ट धरला. तिथं लाट अंगावर येते ती भिंतीसारखी, आणि खाली पाणी जेमतेम कमरेएवढं. पडलं तर आडवं, पसरून पडायचं. मी मात्र तोल गेला की सूर मारते, न ठरवता. सर्फिंगच्या शिक्षकांनी स्पष्ट सांगितलं, "ही सवय मोडेपर्यंत तिकडं नेणार नाही. मान मोडून घ्याल."

मी पलूस गाठलं. सत्तरीच्या तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी म्या शिकवलं त्येच चुकलं म्हन की," एवढंच बोलले. मला फार वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी विहिरीवर हजर! मग दर रविवारी तेच. ते मागून ढकलायचे, मी सवयीनं सूर मारायचे आणि वरून आरोळी यायची, "आगं, पोट आपट की!" माझं अंग लालभडक व्हायचं आणि तात्यांना लय आनंद. मलाही तो लाडच वाटायचा.

शेवटी शिक्षक मला खडकाच्या लाटेवर न्यायला तयार झाले, तेव्हा किनाऱ्यावरही तात्या हट्टानं आले, काठावर धोतर सावरत बसले.

पहिल्या दोन लाटा मी भिऊन सोडल्या. तिसरीवर उभी राहिले. काय वेग होता तो! मग फळीचं टोक बुडालं आणि मी उडाले. हात जुळायला निघालेच होते, ते मी फाकवले आणि थाडकन पाठीवर आडवी पडले. वरून आणखी दोन लाटा गेल्या. तोंड वर काढलं तेव्हा अंगावर साधा ओरखडा नव्हता.

काठाकडं बघते तर तात्या गुडघाभर पाण्यात, खडकांवरून अनवाणी माझ्याकडं येत होते. मी जवळ गेले. त्यांचे तळवे कापले होते, पाणी लाल होत होतं.

"आवं तात्या, रक्त!"

"आसू दे. तू दिसंना झालीस गं."

"मी आले की वर."

"व्हय," ते म्हणाले, आणि गाडीपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.