निळ्या पट्टीचा सुग्रीव

“न्यायचं तर खुशाल न्या, पण खूण आपापली लावा.” तलवाड्याचा सुग्रीव हे सतत म्हणत असतो. बोल त्याच्या बापाचा, म्हाळूचा. म्हाळूचा दांडगा मेंढा पैदाशीसाठी शिवारातल्या सगळ्या कळपांत फिरायचा, तोही फुकट. पण म्हाळूच्या मेंढरांवर असायची तसली निळी पट्टी दुसऱ्या कुणी ओढायची नाही.

सुग्रीव मेंढरांमागं चालता चालता मोबाइलवरच प्रोग्रामिंग शिकला आणि त्यानं ‘वाघूर’ नावाचं ॲप केलं. मेंढरं कोंडायच्या जाळीचं हे नाव. कोणती लस कधी द्यायची, ते ॲप लिहून दाखवतं. त्याचा कोड त्यानं सगळ्यांसाठी खुला ठेवला. नाव आणि निळी पट्टी तेवढी ट्रेडमार्क म्हणून नोंदवली.

यंदा शेजारच्या वस्तीवरच्या भिवराबाईची अकरा मेंढरं आंत्रविषाराच्या रोगानं गेली. “तुज्या वाघुरानं घात केला, बाबा,” एवढंच ती म्हणाली. वस्तीवरच्यांनी भराभर ॲप काढून टाकलं. सुग्रीवनं तिचा फोन पाहिला. नाव वाघूर, पट्टी निळी, पण ॲप परळीच्या बंकटनं त्याच्या कोडवरून केलेलं. त्यात लसीची तारीख महिनाभर पुढं गेलेली.

वकिलाची नोटीस खिशात घालून सुग्रीव परळीला गेला.

“कोड सगळ्यांचा हाय म्हणतोस, मग भांडायला कावून आलास बे?” बंकट म्हणाला.

“कोड तुजाबी हाय. नाव न्हाई. काय केलंस ते दाव तरी.”

बंकटचं ॲप बोलायचं. वाचता न येणाऱ्यांना लसीची आठवण मोठ्यानं सांगायचं. भिवराबाईनं ते घेतलं होतं ते त्याचमुळं. सुग्रीवनं ते दोनदा ऐकलं.

“हे लई भारी. मला सुचलं न्हाई. नाव बदल, तारखा मी नीट करून देतो. अन् हा आवाज आमच्याकडं धाड. वाघूर करणाऱ्यांच्या यादीत तुजं नाव लावतो.”

“अन् खिशातनं ते वकिलाचं पाकीट डोकावतंय, त्याचं?”

“आठ दिस खिशातच राहील.”

सहाव्या दिवशी बंकटचं ॲप ‘हाक’ झालं, पट्टी पिवळी. वाघूरही बोलायला लागलं.

मग सुग्रीव दोन गाभण मेंढ्या घेऊन भिवराबाईच्या वस्तीवर गेला. त्यांच्या पाठीवरची निळी लोकर त्यानं कातरून काढली होती. तिच्या फोनवर खरं वाघूर घालून दिलं, ते बोलतं का बघितलं.

“मावशी, खूण तुमची लावा,” म्हणाला आणि काठी खांद्यावर टाकून बांधाबांधानं निघाला.

हातात गेरूचा डबा घेऊन भिवराबाई तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. मेंढ्या तिच्या लुगड्याला खेटून उभ्या होत्या.