पंख्याखालची खुर्ची

जिथे डॉक्टर रोज तासभर उशिरा येतात, तिथे औषधांआधी किस्से मिळतात. ऐंशीच्या दशकातला आमचा नाशिकचा हृदयाचा दवाखाना त्यातलाच.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही! एकदा मी धापा टाकत डॉक्टरांवर चिडलो. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, वर पोचलात ना? मग निम्मी तपासणी झाली."

*

पंखा एक, त्याखाली खुर्ची एक. ज्याच्या हृदयाच्या सगळ्यात जास्त रक्तवाहिन्या अरुंद, त्याची ती खुर्ची, हा आम्हा पेशंटांचा कायदा. दिंडोरीच्या द्राक्षबागवाल्या बाळूनानांच्या तीन, माझ्या दोन.

एकदा एक नवे साहेब ऐटीत तिथे बसले. नानांनी विचारलं, "किती?"

"एक."

"उठा!"

*

लसणानं रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, असं कोणीतरी पिल्लू सोडलं. झालं! अख्खा बाक लसूण खाऊन हजर. डॉक्टरांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. "हृदयाचं माहीत नाही, पण माझी गर्दी नक्की कमी होईल."

*

मग डॉक्टरांनी आम्हा दोघांना अँजिओप्लास्टीसाठी मुंबईला जायला सांगितलं. "मांडीतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, टोकाचा फुगा फुगवून वाट रुंद करायची. तुम्ही जागेच असता. पडद्यावर सगळं दिसतं."

नाना म्हणाले, "डॉक्टर, मला शिनेमातली मारामारी बघवत नाय!"

*

"गुरुजी, तुमी शिकलेले. आधी तुमी," नाना म्हणायचे.

"नाना, तुमच्या तीन. मान तुमचा," मी म्हणायचो. खरं तर माझी पाचावर धारण बसली होती.

नाना आधी म्हणाले, छाटणी झाली की जातो. मग म्हणाले, द्राक्षं उतरली की जातो. शेवटी नानांची बायको, आमच्या काकू, भर दवाखान्यात कडाडल्या, "बाग फुडल्या साली परत येईल. तुमी येताल का?"

नाना गेले. ते धड परतले तरच आपण जायचं, असं मी मनाशी ठरवलं.

*

ती खुर्ची रिकामीच राहिली. एवढा उकाडा, पण कोणी बसेना. माझे कान जिन्याकडे. नाना नेहमी पहिल्या मजल्यावर थांबून दम खायचे.

एका सोमवारी जिन्यात चपला वाजल्या. मध्ये कुठे थांबल्याच नाहीत. बघतो तर नाना दारात! मला रडूच फुटलं.

"बसा, नाना," मी खुर्ची पुढे केली.

नाना उभेच राहिले. "माझ्या तिन्ही उघडल्या, गुरुजी. बसा तुमी."