नवऱ्याचा विमा कंपनीच्या नावावर

सासरी छापखाना आहे, एवढंच मला लग्नात सांगितलं होतं. तो 'प्रायव्हेट लिमिटेड' आहे हे गिरगावात नांदायला आल्यावर कळलं, आणि त्याचा अर्थ मी असा लावला की बाहेरच्यांना आत यायला बंदी! फार चुकले नव्हते म्हणा. थोरले दीर, म्हणजे दादा, आणि माझे यजमान असे दोघे डायरेक्टर. गिरण्यांतून निघणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर चिकटवायची रंगीत लेबलं ते छापत. पुढच्या खोलीत कंपनी, मागच्या खोलीत आम्ही आणि मधे एक पडदा. पडद्यापलीकडचा पैसा वेगळा आणि अलीकडचा वेगळा, हे आमच्या घरात कुणी मानलंच नाही. घासलेट कंपनीचं, गणपतीची आरास कंपनीची, माझ्या बाळंतपणातला डिंकसुद्धा कंपनीचा.

तसाच दोघा भावांचा विमा. हप्ते कंपनी भरायची आणि यांच्या विम्यावर वारस म्हणून माझं नाव होतं. त्याचा मला काय तोरा! "आमचा विमा कंपनी भरते हो," हे नळावर चार बायकांना ऐकवल्याशिवाय माझी कळशी भरत नसे.

मग यांच्या छातीत पाणी झालं. दुखण्यातून उठले, पण विम्याच्या एजंटाने मला बजावलं, "वहिनी, यांचा नवा विमा आता कुणी उतरवणार नाही. आहे तो जपा." मांडीवर रांगती मुलगी. यांच्यामागे आम्हा दोघींना आधार म्हणाल तर तेवढाच.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मी मोर्च्यांना जायची, घसा बसेपर्यंत ओरडायची. एका दुपारी सभेहून आले, तर पुढच्या खोलीत दादा, हे आणि दादरचे इन्कमटॅक्सचे वकील बसलेले. मी चहा घेऊन गेले.

"या वहिनी, चहा हवाच होता," वकील म्हणाले. "यंदा साहेबाने फार पिडलं. म्हणे, विमा यांच्या बायकोपोरांसाठी, मग हप्ता कंपनीचा खर्च कसा? तो यांच्या पगारात धरा आणि कर भरा."

"मग हो?"

"मग काय! यजमानांनी विमाच कंपनीच्या नावावर करून दिला. मागेच सही झाली. आता यांच्या डोक्यावर कर नाही."

कर वाचला म्हणून मी अक्कलवान बाई खूश झाले. त्यांच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली. बिस्किटं ठेवून झाल्यावर डोकं चाललं.

"म्हणजे यांना काही झालं तर?"

"तर पैसे कंपनीला."

"आणि दादांचा विमा?"

वकील चहा फुंकायला लागले. "त्यांनी हप्ता पगारात धरून घेतला. त्यावरचा कर ते भरतात."

म्हणजे दादांचा विमा जाऊबाईंचाच राहिला होता. मी यांच्याकडे पाहिलं. हे फरशीकडे पाहत होते.

थोरल्या दिरांसमोर तोंड उघडायची आमच्याकडे रीत नव्हती. तरी पदर सावरून म्हटलं, "दादा, आमचाही पगारात धरा ना. आम्ही कर भरू. एक वेळ भाजी नाही करणार."

दादा हसले. "अगं, कंपनी म्हणजे कोण? आपणच ना? आणि उद्या कंपनी अडचणीत आली तर हाताशी काही नको? त्याची तब्येत ही अशी!"

शेवटचं वाक्य ते इतक्या मायेने बोलले, की त्यात काय हिशेब आहे हे कळायला मला अर्धी बशी रिकामी होईपर्यंत वेळ लागला. सरकारला रस्त्यावर आव्हान देणारी ती रणरागिणी यावर काय बोलली असेल? म्हणाली, "आणखी चहा घालू का?"

पडद्यामागे आल्यावर मात्र यांना धरलं. "मला विचारायचं तरी होतंत!"

"दादांनी सही कर म्हटलं. त्यांना नाही कसं म्हणू?"

"आणि मला सांगायला काय झालं?"

"तू मोर्चाला गेली होतीस."

घ्या! मी तिकडे मुंबई मागत होते आणि इकडे माझ्या माणसाने मला आणि लेकीला एका सहीत सोडून दिलं होतं. दादांचं मी समजू शकले. ते आपल्या पोरांचं पाहत होते. यांनी कुणाचं पाहिलं?

हे पुढे चांगले म्हातारे होऊन गेले. विम्याची मुदत त्याच्या कितीतरी आधी भरली, पैसे कंपनीला मिळाले, कागद कापायचं नवं यंत्र आलं. नातवंडं म्हणतात, "आजी, मग तुझं बिघडलं काय?"

त्यांना कसं सांगू? त्यानंतर कित्येक वर्षं हे नुसते खोकले, तरी मला आधी विमा आठवायचा आणि मग नवरा. लगेच उठून मी पाठ चोळून द्यायची, काढा करायची, आणि त्यांना वाटायचं, किती जीव आहे हिचा आपल्यावर! जीव होताच हो. पण आधी तो नुसताच होता.