न मागवलेला संसार

आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर सरोज आठल्ये राहतात. जन्म डोंबिवलीचा, शाळा डोंबिवलीची, आणि सगळी नोकरी ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. ट्रंक कॉल जोडून देता देता तिथेच सुपरवायझर झाल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं की "राहून गेलं" म्हणतात, दूध आणायचं राहून गेलं म्हणावं तितक्या सहज. आता सत्तरी ओलांडली आहे, पण आवाज अजून एक्स्चेंजमधलाच आहे. स्वच्छ, शांत, आणि समोरच्याला आपण काहीतरी चुकीचं बोललो असं वाटायला लावणारा.

दुसऱ्याची वस्तू घरात राहिली तर या बाईंना चैन पडत नाही. एकदा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवानंतर त्यांच्याकडे एक जास्तीची वाटी निघाली. ती घेऊन त्या दोन्ही विंगमधल्या दारोदार फिरल्या. शेवटी वाटी त्यांचीच होती असं कळलं.

तर अशा सरोजताईंकडे आषाढात एक पार्सल आलं. नाव बरोबर, पत्ता बरोबर, फोन नंबरसुद्धा बरोबर. पैसे आधीच भरलेले. त्यांना वाटलं, भाचरांपैकी कुणी काही पाठवलं असेल. उघडलं तर आत दाढीचा ट्रिमर.

पार्सल आणणारा सुशांत आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा. दुसऱ्या दिवशी तो जिन्यात दिसताच ताईंनी त्याला गाठलं.

"सुशांत, हे परत घेऊन जा. माझं नाही."

"काकू, नाव तर तुमचंच आहे ना."

"नाव माझं आहे. वस्तू माझी नाही."

"मी आलेलो तेव्हा तुम्हीच घेतलं. आता सिस्टीममध्ये डिलिव्हर्ड पडलंय. परत नेलं तर मलाच विचारतील कुठून उचललंस."

ताईंनी मग त्या वेबसाइटच्या मदतकेंद्राला फोन लावला. मी तेव्हा त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते आणि थांबले. फोन स्पीकरवर होता. पलीकडच्या मुलीने आधी ऑर्डर नंबर विचारला, मग खातं कुठल्या नंबरवर आहे ते विचारलं. ताईंचं खातंच नव्हतं.

"मॅडम, अकाउंट नाही म्हणजे ऑर्डर नाही. ऑर्डर नाही म्हणजे रिटर्न घेता येणार नाही."

"मग माझ्या हातात आहे ते काय आहे?"

"मॅडम, तुम्ही ते ठेवू शकता. वापरू शकता."

"मला दाढी नाही," सरोजताई म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात नव्हे, नुसती माहिती म्हणून.

फोन ठेवताना त्यांनी त्या मुलीला, आवाज चांगला आहे पण वाक्याच्या शेवटी खाली पडतो, तेवढं सांभाळ, असं सांगितलं. मुलीने मनापासून थँक्यू म्हटलं. ट्रिमर होता तिथेच राहिला.

नंतर मोटारीच्या सीटचं कव्हर आलं. ताई घेणार नाहीत म्हणून सुशांत आता खोकं दारातच ठेवून जात असे. ताईंकडे सायकलसुद्धा नाही. मग कुत्र्याचा रेनकोट आला, पिवळा, टोपीसकट. मग एक रबरी बादली आली, वापरून झाली की पापडासारखी चपटी होणारी. सगळं पुढच्या खोलीतल्या दिवाणावर एका चादरीखाली झाकलेलं असे. पाहुणा आला की त्याला खुर्चीवर बसवत, कारण दिवाण दुसऱ्यांच्या वस्तूंनी अडवलेला होता.

बादलीवरून मात्र घरात पेच पडला. ताईंकडे कामाला येणाऱ्या गोदूबाई राहतात दिवा स्टेशनजवळ. तिथे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही आणि खोलीत पिंप ठेवायला जागा नाही. चपटी होणारी बादली बघून त्यांचा जीव तिच्यात अडकला.

"ताई, ही मला द्या की. पडूनच हाय."

"गोदूबाई, माझी असती तर दिली असती. माझी नाही ती देऊ कशी?"

"अवं, ज्याची हाय त्यानंच तर तुम्हाला धाडली."

"चुकून धाडली असेल."

"चार चार येळा चुकतंय व्हय कुणी?" गोदूबाईंनी विचारलं. तरी ताईंनी बादली दिली नाही.

पार्सलांवर पाठवणाऱ्याचं नाव होतं 'निवांत होम', आणि खाली ठाण्यातला, टेंभी नाक्याजवळचा पत्ता. भाद्रपद संपत आला तेव्हा ताई मला म्हणाल्या, "नीला, उद्या मोकळी आहेस का? आपण नेऊनच देऊ." दोघी दोन पिशव्या घेऊन ठाण्याला गेलो. बादली जाताना बघून गोदूबाईंनी भांडी जरा जोरात लावली.

पत्त्यावर निवांत असं काहीच नव्हतं. मंडपवाल्याचं दुकान होतं. नवरात्र तोंडावर आलेलं, बांबू, कनाती आणि झालरी रस्त्यापर्यंत आल्या होत्या. मालक काळुराम एका शिडीवर उभे राहून खाली कुणालातरी ओरडत होते. आमच्या हातातल्या पिशव्यांकडे त्यांचं लक्ष गेलं, तसे ते आवाज न करता खाली उतरले आणि हात जोडले.

"बाय, तुमीपन?"

आत मागच्या बाजूला त्यांनी आम्हाला नेऊन दाखवलं. झालरींच्या गठ्ठ्यांशेजारी खोक्यांचा ढीग लागला होता. पाय चेपायचं यंत्र, केस वाढवायचं तेल, मुलांचा टेबलफॅन. कुणी कुणी त्यांच्याकडे आणून टाकलेलं, कुणी पोस्टाने परत पाठवलेलं.

"मी मंडपवाला हाय," काळुराम म्हणाले. "माज्या बापाचं दुकान. माज्याकरं बांबू हायत, दाढीची मशीन नाय. मुलुंडवरशी एक मानूस आला, म्हनं तेलानं होते ते केस पन गेले. मी त्याला काय सांगू? माजं डोकं बघ म्हनलं."

काळुरामांच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

ताईंना न मागता माल येत होता आणि काळुरामांना न विकता परत येत होता. काळुरामांनी चहा मागवला. पिशव्या मात्र ते काही केल्या ठेवून घेईनात. "देवीचा मंडप घालायचाय बाय, जागा नाय," म्हणाले. आम्ही सगळं घेऊन परत डोंबिवलीला आलो. गोदूबाईंनी बादली पुसून जागेवर ठेवली.

खरा स्फोट पुढच्या आठवड्यात झाला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी केदार माणूस भला, पण नियमांवर जीव. संध्याकाळी ते ताईंच्या दारात आले. मी आतच होते.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण कमिटीला आधी कळवायला हवं होतं," केदार म्हणाले.

"काय?"

"गाडीचं. पार्किंगसाठी चार जण आधीपासून थांबलेत. आणि कुत्रा पाळायचा तर फॉर्म असतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाकी तुमचं खासगी आहे, त्याबद्दल मी काही विचारत नाही. आम्हाला सगळ्यांना आनंदच आहे."

ताईंनी त्यांना आत बसवलं. केदारांना दाढीचा ट्रिमर घ्यायचा होता, म्हणून ते त्या वेबसाइटवर शोधत होते. 'निवांत होम'चा ट्रिमर दिसला, आणि त्याखाली पाच चांदण्या देऊन सरोज आठल्ये, डोंबिवली पूर्व, यांनी लिहिलेला अभिप्राय. त्यांनी मोबाइल पुढे केला आणि ताईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

"माझा पती हे दररोज वापरतो आहे. त्याची दाढी अतिशय गुळगुळीत झाली आणि आम्ही खूप आनंदी कुटुंब आहोत."

सीट कव्हराखाली होतं, "पतीने नवीन गाडी घेतली, मी लाल रंग निवडली." रेनकोटाखाली, "आमचा टॉमी पाऊसमध्ये नाचतो. मुलांना पण आवडला." बादलीखाली, "सासूबाईंनी माझी स्तुती केली."

मला वाटलं ताई आता संतापणार. पण त्यांनी मोबाइल जरा जवळ घेतला आणि विचारलं, "अजून काय काय करतो हा?"

मला हसू आवरेना. केदार आधी गोंधळले, मग चादर उचलून सगळा माल दाखवल्यावर त्यांना उलगडा झाला आणि ते फार ओशाळले. ताईंना राग आला तो जरा उशिरा, आणि तो नवऱ्यावर नव्हता. "मी रंग निवडली?" त्या म्हणाल्या. "माझ्या नावावर हे मराठी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांकडे गेलो. सायबर विभागातल्या अधिकाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं.

"पैसे गेलेत का?"

"नाही."

"ओटीपी वगैरे दिला होतात?"

"नाही."

"मग आजी, तुमचं गेलं काय?"

ताई थोडा विचार करून म्हणाल्या, "नाव."

अधिकाऱ्यांनी पेन उचललं आणि तक्रार लिहून घेतली. मालाबद्दल विचारल्यावर मात्र हसले. न मागवलेल्या वस्तू परत करायची जबाबदारी तुमच्यावर नाही, खुशाल वापरा, असं त्यांनी सांगितलं. त्यातलं शेवटचं वाक्य ताईंच्या मनात घोळत राहिलं असावं, कारण घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "नीला, मला त्या वेबसाइटवर खातं उघडून दे. वापरतेच मी. आणि वापरल्यावर लिहिते."

मग चार-पाच दिवस आमच्या इमारतीत परीक्षा चालू होत्या. सीट कव्हर आमच्या गाडीला बसवलं. आमचे हे पांढरी पँट घालून कल्याणला एका बारशाला गेले आणि मागून लाल होऊन परत आले. रेनकोट गेटवरच्या कुत्र्याला घालायचा प्रयत्न झाला. ट्रिमर केदारांनी घेतला, स्वखुशीने, कारण त्यांना तो घ्यायचाच होता. रविवारी दहाला सोसायटीची सर्वसाधारण सभा होती. साडेनवाला त्यांनी दाढी करायला घेतली आणि एक गाल झाल्यावर ट्रिमर बंद पडला. चार्जिंगला लावला, हलवला, आपटला. सभेला केदार नाकावर रुमाल धरून आले आणि सर्दी झाली म्हणाले. टाकीच्या सफाईचा विषय निघेपर्यंत सगळं ठीक होतं. त्या विषयावर बोलताना मात्र त्यांना दोन्ही हात लागतात.

बादली ताईंनी स्वतः भरून बाथरूममध्ये ठेवली आणि गोदूबाईंना देखरेखीला बसवलं. गोदूबाईंनी ती उचलली, आपटली, तिच्यात पाय ठेवून उभ्याही राहिल्या. बादली टिकली.

ताईंनी लिहिलेलं मी जसंच्या तसं चढवलं.

'मी सरोज आठल्ये. मी अविवाहित आहे. हा ट्रिमर मी मागवलेला नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी वापरला, उजव्या गालापर्यंत चालला. डाव्या गालाची हमी कंपनीने द्यावी.'

'सीट कव्हराचा रंग पक्का नाही. तो गाडी सोडून माणसाबरोबर जातो.'

'कुत्र्याने रेनकोट घालून घेतला नाही. या बाबतीत कुत्र्याचं मत ग्राह्य धरावं.'

बादलीला मात्र त्यांनी पाच चांदण्या दिल्या. 'वस्तू उत्तम आहे. पाठवण्याची पद्धत वाईट आहे. मला सासूबाई नाहीत.'

ते किती जणांनी वाचलं देव जाणे, पण आठवडा उलटायच्या आत फोन आला. ताईंनी स्पीकर लावला.

"मॅडम, मी विनीत बोलतोय. निवांत होम माझंच आहे. मॅडम, ते रिव्ह्यू काढा ना प्लीज. सेल एकदम पडलाय."

"माझं लग्न तुम्ही लावलंत का?"

पलीकडून खोकल्याचा आवाज आला. "पर्सनल काही नाही मॅडम. फॅमिली दिसली की कस्टमरचा विश्वास बसतो. खऱ्या पत्त्यावर डिलिव्हरी दाखवावी लागते, तरच रिव्ह्यू चालतो."

"माझा पत्ता तुम्हाला कुणी दिला?"

"विकत मिळतात."

"माझा कितीला मिळाला?"

"एकेक नाही मिळत मॅडम. हजाराच्या गठ्ठ्यात येतात."

आपण गठ्ठ्यात आलो हे ताईंना लागलं असावं. पण आवाज तसाच ठेवून त्यांनी एक-एक गोष्ट सांगितली. खोटे अभिप्राय काढायचे. काळुरामांचा पत्ता खोक्यांवरून काढायचा, तिथला सगळा ढीग उचलायचा, आणि त्यांची समक्ष माफी मागायची. इथला मालही न्यायचा. पोलिसांत तक्रार आहे, ती तशीच राहील.

"सगळं करतो मॅडम. मग तुमचे रिव्ह्यू?"

"ते खरे आहेत. ते कसे काढणार?"

विनीतने बराच वेळ विनवण्या केल्या. ताई मध्ये मध्ये "ऐकते आहे" म्हणत राहिल्या. मोठमोठ्या शेठजींचे आरडाओरडे ऐकून घेतलेल्या बाई, त्यांना घाई नव्हती. तो दमल्यावर त्यांनी विचारलं, "आता एक सांगा. ही बादली तुमची आहे. मी ती गोदूबाईंना देऊ का?"

"कोण गोदूबाई?"

"त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय? हो की नाही, एवढं सांगा."

"द्या मॅडम, द्या. सगळंच द्या हवं तर."

"सगळं नको. बादली."

स्वयंपाकघरात नळ बंद झाल्याचा आवाज आला. गोदूबाई हात पुसत बाहेर आल्या, दिवाणावरची बादली घडी करून पिशवीत टाकली, आणि त्या दिवशी पोळ्या न करताच चालत्या झाल्या. ताईंनी रात्री भात लावला.

दोन दिवसांनी टेंपो आला. काळुरामांकडे आधी जाऊन आला होता. विनीत स्वतः आला नव्हता, पण काळुरामांनी फोनवर सांगितलं की तो तिथे येऊन गेला, आणि त्यांनी त्याला माफीबरोबर चार कनाती उचलायला लावल्या. खोटे अभिप्राय निघाले. ताईंचे राहिले. ट्रिमर बाजारातून गेला, बादली मात्र अशी खपली की मध्यंतरी मिळेनाशी झाली होती.

दिवाण मोकळा झाला, पण फार दिवस नाही. आता इमारतीत कुणीही काही मागवलं की ते आधी ताईंकडे येतं. केदारच सगळ्यांना तसा सल्ला देतात. काल गेले तर समोर बी विंगमधल्या कुणाचा तरी चटणीचा मिक्सर होता. गोदूबाई त्यात ओलं खोबरं टाकत होत्या आणि ताई दोन्ही कान झाकून म्हणत होत्या, "आवाज फार आहे. लिही नीला, आवाज फार आहे. चटणी अजून बघायची आहे."