डाव्या हाताचं बूमरँग

मामाने बूमरँग आणलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि मी डावरी आहे हे घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं. घरातही कुणी ते बोलत नसे.

लहानपणी मी सगळं डाव्या हाताने करी. आईने ते मोडून काढलं. जेवताना ती माझ्या डाव्या बाजूला बसे आणि माझा तो हात स्वतःच्या मांडीवर धरून ठेवी. रागावत नसे, फक्त धरून ठेवी. इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा ती वर्गाच्या दारापर्यंत आली आणि बाईंना म्हणाली, "लेफ्ट हँड नो. प्लीज सी." आईच्या तोंडून इंग्रजी मी तेवढंच ऐकलं. मला तिच्या इंग्रजीची लाज वाटली होती, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिसरी-चौथीपर्यंत हात बदलला. माझं उजव्या हाताचं अक्षर चांगलं आहे. कुणी पाहुणे आले की आई काहीतरी निमित्त काढून माझी वही पुढे करी. "अक्षर बघा," एवढंच म्हणे आणि चहा ठेवायला आत जाई.

मामा जहाजावर इंजिनरूममध्ये होता. वर्षाकाठी महिनाभराची रजा मिळाली की तो आमच्याकडे बोरिवलीला राहायचा. आई त्याची थोरली बहीण. त्या डिसेंबरात तो ऑस्ट्रेलियाची फेरी करून आला होता. ट्रंकेतून त्याने कोयत्यासारखं वाकडं, रंगवलेलं लाकूड काढलं.

"हे फेकलं की परत येतं," तो म्हणाला. "माझ्यासारखं."

"तू येतोस ते धुवायचे कपडे घेऊन," आई म्हणाली. "हे तरी रिकामं येऊ दे."

आमच्या घरामागे दोन-तीन बिऱ्हाडं सोडली की शेतं लागत, ती थेट गोराईच्या खाडीपर्यंत. भात कापून झालेलं होतं. कॉलेजला नाताळची सुट्टी होती. मामा आणि मी सकाळी निघालो. त्याने बूमरँग ताटलीसारखं आडवं धरून भिरकावलं. ते सरळ आभाळात चढलं, वर क्षणभर थबकलं आणि त्याच्याच पाठीमागे चरणाऱ्या म्हशींत येऊन आदळलं. म्हशींनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं.

"कागद वाच," मामा म्हणाला. सोबत इंग्रजीत छापलेला एक कागद होता. मी वाचून सांगितलं, की ते उभं धरायचं, सपाट बाजू तळहाताकडे, आणि वाऱ्याच्या थोडं बाजूला फेकायचं. परत आलं की दोन्ही तळव्यांमध्ये टाळी वाजवल्यासारखं पकडायचं. चौथ्या दिवशी मामाचं बूमरँग मोठं वर्तुळ घेऊन त्याच्यापासून दहा पावलांवर पडलं. तो नाचला. मग म्हणाला, "आता तू."

मी उजव्या हाताने फेकलं. ते समोर भाताच्या खुंटांत पडलं. पुन्हा फेकलं, पुन्हा तिथेच. माझा उजवा हात लिहायला, जेवायला, वाढायला शिकला होता. फेकायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. आजूबाजूला पाहिलं आणि डाव्या हाताने फेकलं. लाकूड हातातून सुटलं तेव्हाच कळलं, की खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं आपापल्या जागी आहे. त्याचा भिरभिर आवाज कितीतरी लांब गेला. पण ते वळलं नाही. लांबच्या बांधाशी जाऊन तसंच खाली कोसळलं. दहा-बारा वेळा फेकलं, दहा-बारा वेळा चालत जाऊन आणलं.

घरी आल्यावर मी ते नीट पाहिलं. दोन्ही पात्यांची एक कड जाड होती, एक पातळ. जाड कड पुढे राहून हवा कापत होती, पण उजव्या हाताने फेकलं तरच. माझ्या हातातून सुटताना पातळ कड पुढे येत होती. कपाटाच्या आरशासमोर ते धरलं, तर आरशातल्या बूमरँगची जाड कड नेमकी मला हवी त्या बाजूला होती. मला ते आरशातलं हवं होतं.

मामा ओटीवर दाढी करत होता.

"मामा, हे उजव्या हाताचं आहे."

"म्हणजे?"

"कडा बघ ना."

त्याने ओल्या अंगठ्याने कडा चाचपल्या. "खरंच गं. आमच्या जहाजाच्या पंख्याच्या पात्यांसारखं आहे. पण मग तुला काय त्याचं?"

मी बूमरँग फेकायला धरावं तसं धरलं. त्याने मी ते कोणत्या हातात धरलंय ते पाहिलं. त्याने वस्तरा खाली ठेवला.

"अजून?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"मी करून देतो. पण ताईपासून लपवून नाही. तिला तू सांगायचंस. मी सांगितलं तर ती मला इथून जहाजापर्यंत लाटण्याने हाकलत नेईल."

"सांगते."

"कधी?"

"सांगते ना रे."

चहाच्या रिकाम्या पेटीचं प्लायवूड होतं. मी बूमरँग कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली, कागद उलटा केला आणि तो आकार लाकडावर काढला. मामाने करवतीने कापून कानशीने कडा घासल्या. आईला वाटलं, तो स्वतःसाठी दुसरं करतोय. त्याने केलेलं पहिलं दोन दिवसांत मोडलं. दुसरं जमलं.

रोज जेवण झालं की मामा आईच्या पाठीमागून भुवया उंचावून मला विचारी, सांगितलंस का? मी मान हलवून नाही म्हणे. आई मारेल किंवा ओरडेल अशी भीती नव्हती, त्या वयाची मी राहिले नव्हते. पण आईच्या एवढ्या कष्टांतल्या एकाच गोष्टीचं लोकांनी बोलून कौतुक केलं होतं, माझ्या अक्षराचं. तिला काय सांगणार होते? की तुझी ती सगळी वर्षं वरवरची ठरली, आत काही बदललं नाही? पानं वाढताना, धुणं वाळत घालताना मी वाक्य जुळवी आणि गिळून टाकी.

सकाळी मात्र मी "फिरून येते" म्हणून शेतात जाई. नवं बूमरँग वळायला लागलं होतं, पण भलतीकडेच जाई. एका सकाळी बांधावरून आमच्याकडे नेहमी येणारी कोळीण चालली होती. डोक्यावरची पाटी न हलवता ती उभी राहिली.

"काय गो बाय, कावळं हाकतेस?"

मी लाकूड पदराआड घेतलं. मग सांगितलं, हे फेकलं की परत यायला हवं.

"कसं येल? वारा डोंगराकडना हाय आणि तू तोंड खाडीकडं केलंस. उन्हं चढली का मग खाडीकडना येल." तिने पाटीखालचा एक हात सोडून गालावर वारा घेतला. "फिर तिकडं. आता टाक."

मी डोंगराकडे तोंड केलं, वाऱ्याच्या थोडं डावीकडे धरून फेकलं. बूमरँग उजवीकडे वळत गेलं, शेतापलीकडच्या ताडांच्या समोरून फिरलं आणि थेट माझ्या अंगावर येऊ लागलं. मी घाबरून बाजूला उडी मारली. कोळीण इतकी हसली की तिला पाटी दोन्ही हातांनी धरावी लागली. "बोलवतेस आणि पलतेस काय गो!"

पुढचे आठ दिवस तेच झालं. ते येई आणि मी पळे.

मग एका सकाळी ती कोळीण आमच्या दारात बसली होती. आई बोंबील निवडत होती. मी आतून तांब्याभर पाणी घेऊन आले तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, तुजी पोर काय झकास फेकते गो! डाव्या हातान. मी रोज बगते."

आईचा हात बोंबलांवर थांबला. मी तांब्या खाली ठेवला. आई म्हणाली, "हे बारीक नको, खालचे दे." तिने बोंबील घेतले, कोळणीला पाणी दिलं, ती जाईपर्यंत तिच्याशी पापलेटांबद्दल बोलली. मग मोरीत बसून बोंबील साफ करायला लागली. मी दारात उभी होते. मामा तोंडापुढे पेपर धरून बसला होता, पान उलटत नव्हता.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"पंधरा दिवस झाले."

"ते नाही विचारत."

मला समजलं. "गेलंच नव्हतं कधी, आई."

तिने दोन बोंबील साफ केले. "मला वाटलं होतं, गेलं."

"मी सांगणार होते."

"तू चार वर्षांची होतीस," ती मोरीकडेच बघत म्हणाली. "तुझी आजी आजारी होती. तू तिला पाणी नेऊन दिलंस, डाव्या हाताने. तिने तोंड फिरवलं. तू पेला घेऊन तशीच उभी राहिलीस, घेईल म्हणून. किती वेळ उभी होतीस! तुला आठवत नाही."

"नाही."

"मला आठवतं." तिने पाणी ओतून हात धुतले. "म्हटलं, पुन्हा कुणी असं करायला नको."

 मी साफ केलेले बोंबील ताटात भरायला लागले.

"उद्या किती वाजता जातेस?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिने शाल गुंडाळली आणि माझ्याबरोबर निघाली. मामाला हाक मारली तर तो पांघरुणातून म्हणाला, "मी झोपलोय." शेताला ओल होती. आई चपला हातात घेऊन बांधावर उभी राहिली. आधी तिने चारी बाजूंना नजर टाकली, कुणी आहे का. लांब फक्त म्हशी होत्या.

मी तिच्यासमोर डावा हात वर केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पहिलं फेकणं वायाच गेलं. मी चालत जाऊन बूमरँग आणलं. 

दुसऱ्यांदा ते नीट सुटलं. लांब गेलं, वळलं, ताडांसमोरून येऊन माझ्याकडे उतरू लागलं. मला पळावंसं वाटलं. पण मागे बांधावर आई होती, मी बाजूला झाले असते तर ते तिच्याकडे गेलं असतं. मी दोन्ही हात पुढे केले आणि टाळी वाजवली. तळवे झणझणले. लाकूड त्यांच्यामध्ये होतं.

मी वळून पाहिलं. आईने शालीचं टोक डोळ्यांवर धरलं होतं.

"ऊन डोळ्यांवर आलं," ती म्हणाली. "मला नीट दिसलं नाही. पुन्हा टाक."