यादीतलं शेवटचं नाव
मोहाच्या फुलांचा वास आला की मला सातपुड्यातला एक पाडा आठवतो. तिथं स्वतंत्र अंगणवाडी मिळावी म्हणून मी घरोघर लहान मुलं मोजत होते. अंगणाअंगणात मोह वाळत होता, ऊसतोडीला गेलेली बहुतेक घरं परतली होती, तरी मंजुरीसाठी यादीत एक मूल कमीच पडत होतं. मी निघाले तेव्हा एका म्हातारीने माझा हात धरला, "थांब बाई, माझी सून यायचीय." दुपारी तळोद्याची जीप आली आणि सून उतरली, कुशीत उसाच्या फडावर जन्मलेली पोर घेऊन. सगळा पाडा आनंदाने ओरडला. "नाव काय लिहू?" मी विचारलं. सून लाजून म्हणाली, "तुझंच लिही." हल्ली तिथल्या नव्या अंगणवाडीची सेविका फोनवर तक्रार करते, "बाई, तुमच्या नावाची पोर फार दंगा करते," आणि मला हसू आवरत नाही.